वाटणीचे स्कोन

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी-रास्पबेरीचा सुकाळ झाला, की स्कोन, म्हणजे छोटे फुगीर गोल पाव, भाजून बहिणीकडे डबा पोचवणाऱ्या भावाचं कोण कौतुक होतं! पण या औदार्याचं मूळ मायेपेक्षा पिठात जास्त सापडतं. सकाळी ओव्हनमधून निघालेला स्कोन संध्याकाळपर्यंत कोरडा पडू लागतो. त्यात ताजी फळं घातलेली असली, तर दुसऱ्या दिवशी फळाभोवतीचा भाग गिच्च. जे टिकत नाही ते वाटायचं, एवढाच हा त्याग. शिवाय पहिल्यांदा थापलेल्या पिठातून साच्याने कापलेले स्कोन उंच आणि हलके फुलतात. उरलेल्या कडा गोळा करून पुन्हा थापलेले मात्र चिवट आणि वाकडे, कारण जास्त हाताळल्याने ग्लुटेन घट्ट होतं. डब्यात कोणते जातात, ते विचारू नये.

कोणी म्हणेल, चांगले स्कोन देणारेही असतात. असतात की! पण मग त्याची आठवणही वर्षानुवर्षं तेच करून देतात. उरलेले फ्रीझरमध्ये ठेवता येतात, हा आक्षेपही खरा. फक्त तिथली जागा पुढच्या खेपेच्या फळांनी आधीच अडवलेली असते. राहता राहिलं खाणं. डेव्हन परगण्यात स्कोनवर आधी घट्ट सायीसारखं क्लॉटेड क्रीम, मग जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये नेमकं उलट. भाऊ एकीकडे नांदतो, बहीण दुसरीकडे, तर त्यांना भांडायला वडिलोपार्जित घर लागत नाही.