वजावटदार गृहस्थ

पगारातून कापला गेलेला टॅक्स कागदपत्रांच्या जोरावर थोडाफार तरी सोडवून आणणे हे ज्याला जीवितकार्य वाटते, अशा नोकरदार माणसाला वजावटदार म्हणतात. पुणे, ठाणे, नाशिक या शहरांतल्या कोणत्याही सोसायटीत दर मजल्यावर निदान एक तरी वजावटदार सापडतो. वय चाळिशीच्या पुढे, फ्लॅट हप्त्यावर, आणि कपाटात सर्वांत वरच्या खणात एक फुगलेली फाइल. तिला घरातले दुसरे कोणी हात लावत नाही. त्याला कंजूष समजणे चूक आहे आणि करबुडवा समजणे तर घोर अन्याय आहे. करबुडवा कागद लपवतो. वजावटदार कागद दाखवायला आसुसलेला असतो.

हा वर्ग कायद्यानेच पोसला. १९६१ चा प्राप्तिकर कायदा बचत करणाऱ्याच्या पाठीवर नेहमीच थाप मारत आला. २००५ च्या अर्थसंकल्पाने कलम ८०सी आणले आणि एक लाखापर्यंतची बचत उत्पन्नातून वजा होऊ लागली. २०१४ साली अरुण जेटली यांनी ही मर्यादा दीड लाख केली. त्यानंतर दूध वाढले, पेट्रोल वाढले, शाळेची फी तर विचारूच नये. दीड लाख मात्र जागचे हलले नाहीत. तरीही दर १ फेब्रुवारीला वजावटदार सकाळी अकरा वाजता टीव्हीसमोर बसतो. शेती, संरक्षण, रेल्वे हे विषय चालू असताना तो पोहे खातो. प्राप्तिकराचा उल्लेख आला की चमचा थांबतो आणि घरातल्यांना आवाज न करण्याची सूचना मिळते. ‘ऐंशी सी’ला हात लावलेला नाही हे कळल्यावर तो म्हणतो, “मध्यमवर्गाला कोणी वाली नाही,” आणि उरलेले पोहे संपवतो.

वजावटदाराचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ऑफिसचा एचआर विभाग त्याच्याकडून वर्षभरातल्या नियोजित गुंतवणुकीचे घोषणापत्र मागतो, आणि तो सगळ्या रकान्यांत कमाल मर्यादा भरून मोकळा होतो. त्यानंतर डिसेंबरपर्यंत गुंतवणुकीच्या आघाडीवर सामसूम असते. जानेवारीत ‘प्रूफ’ जमा करण्याचा मेल येतो आणि घरात झडती सुरू होते. पुरावा कमी पडला तर राहिलेला टॅक्स फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून निघतो. त्यातच महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर नेमका फेब्रुवारीत ३०० होतो. रक्कम शंभराचीच, पण वेळ अशी की ती जिव्हारी लागते.

या टप्प्यावर विमा एजंटाचा प्रवेश होतो. एजंट बहुधा नात्यातला असतो, त्यामुळे चहा पाजावा लागतो आणि पॉलिसीही घ्यावी लागते. वजावटदाराकडे अशा चार-पाच पॉलिसी असतात. विमा किती लाखांचा आहे असे विचारले तर त्याला सांगता येत नाही; वर्षाचा हप्ता मात्र पैशांसकट पाठ असतो. आपण मेल्यावर घरच्यांना काय मिळेल यापेक्षा आपण जिवंत असताना कलमात काय बसेल, हा त्याच्या आयुर्विम्यामागचा विचार असतो.

पुढेपुढे सारे जगच त्याला कलमांतून दिसू लागते. शाळेच्या फीपावतीत ट्यूशन फी किती आणि ‘इतर’ किती हे तो लाल पेनने वेगळे करतो, कारण वजावट फक्त ट्यूशन फीला मिळते. मेडिक्लेमचा हप्ता रोख भरला तर चालत नाही, हे तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतो. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मुलांनाही तो सोडत नाही. “ऐंशी जी आहे का तुमच्या मंडळाला?” या देणगीच्या वजावटीविषयीच्या प्रश्नावर मुले एकमेकांकडे पाहतात. त्यातला एखादा धीट म्हणतो, “काका, आरती रोज आठला आहे.” मग पाचशे एकचे एकशे एक होतात.

गृहकर्जाच्या बाबतीत त्याचे गणित विशेष अभ्यासण्यासारखे आहे. राहत्या घराच्या कर्जावरचे वर्षाला दोन लाखांपर्यंतचे व्याज वजावटींच्या जुन्या करप्रणालीत वजा होते. बोनस आल्यावर बायको म्हणते, “अहो, कर्जात भरून टाकूया.” तो दचकतो. व्याज कमी झाले तर वजावट कमी होईल! वरच्या टप्प्यातल्या माणसाचे दोन लाखांच्या व्याजावर सेससह ६२,४०० रुपये वाचतात हे खरे. उरलेले १,३७,६०० बँकेला जातात, पण ती बाजू त्याच्या फाइलमध्ये नसते.

भाड्याने राहणारा वजावटदार ही याच वर्गातली उपजात. घरभाडे भत्त्याची सूट मोजताना १९६१ च्या कायद्याच्या नियमांत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांना पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती, बाकीच्यांना ४० टक्क्यांची. पुण्याला दुसऱ्या पंक्तीत बसवल्याचे दुःख पुणेकर वजावटदाराने वर्षानुवर्षे बाळगले. आईच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा आईलाच भाडे देऊ लागतो, तेव्हा प्रकरण आणखी रंगते. व्यवहार खरा असेल आणि आई ते उत्पन्न दाखवत असेल, तर कायद्याची हरकत नसते. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की आईचा पॅन द्यावा लागतो. हरकत आईची असते. “पोटच्या पोराकडून भाडं घेऊ? लोक काय म्हणतील?” असे म्हणत ती रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करते, आणि सही पॅनकार्डावरच्या सहीसारखी आली नाही म्हणून मुलगा दुसरी पावती पुढे करतो.

या सुस्थिर जीवनाला २०२० च्या अर्थसंकल्पाने पहिला हादरा दिला. दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत, अशी नवी करप्रणाली आली. वजावटदाराने तिच्याकडे दुर्लक्ष केले. २०२३-२४ पासून तीच मूळ धरली जाऊ लागली. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागू लागले. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. नोकरदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट आपोआप मिळते, म्हणजे पगार पावणेतेरा लाख असला तरी कर नाही आणि कागदही नाही. कर नाही याचा आनंद सगळ्यांना झाला. कागद नाही हे वाक्य वजावटदाराला झोंबले.

दोघेही कमावत्या घरात हा पेच नीट उलगडून पाहता येतो. भारतात नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र धरले जात नाही. ज्याचे विवरणपत्र त्याचे, आणि प्रणालीही ज्याची त्याने निवडायची. समजा, २०२५-२६ मध्ये पत्नीचा पगार १२ लाख ६० हजार आहे. प्रमाणित वजावट जाता ११ लाख ८५ हजार उरतात. कर शून्य. भाजी निवडता निवडता तिचा निर्णय होतो. नवऱ्याचा पगार १५ लाख. तो रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एक्सेल शीट मांडतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे ५०,०००, मेडिक्लेमचे २५,००० आणि व्याजाचे दोन लाख: एकूण ४,७७,५००. एकही कलम उपाशी ठेवलेले नाही. कर येतो १,२४,०२०. नव्या प्रणालीत काहीही न करता कर येतो ९७,५००. फरक २६,५२० चा, तोही उलट्या बाजूने.

तो सूत्रे पुन्हा तपासतो. जुनी प्रणाली नुसती बरोबरीला यायची तर या पगारावर ५,९३,७५० च्या वजावटी हव्यात. सव्वा लाखाला थोडी कमी एवढी तूट भरून काढणारे कलम त्याच्याजवळ नाही, कारण तो स्वतःच्या घरात राहतो. क्षणभर त्याला घर घेतल्याचा पश्चात्ताप होतो. मग एफडी पत्नीच्या नावावर करण्याची युक्ती सुचते. पण नवऱ्याने दिलेल्या पैशांवरचे व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो, ही वाट कधीच बुजवलेली आहे.

“मग घ्या ना नवी,” पत्नी म्हणते.

“आणि इतकी वर्षं पॉलिसीचे हप्ते उगाच भरले का?”

“ते टॅक्ससाठी भरले होते की आपल्यासाठी?”

या प्रश्नाचे उत्तर शीटमध्ये नसते. वजावटदाराला वाचलेल्या पैशांपेक्षा ते वाचवल्याचे श्रेय प्रिय असते. नवी प्रणाली पैसे देते, श्रेय देत नाही. त्यामुळे तो निर्णय पुढे ढकलतो, आणि कायदा त्याला तशी मुभाही देतो. ऑफिसला सांगितलेली प्रणाली फक्त पगारातल्या कपातीपुरती असते. ज्याचे धंद्याचे उत्पन्न नाही तो मुदतीत विवरणपत्र भरताना ती बदलू शकतो. मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलै. तोपर्यंत सी.ए.ला दोन फोन होतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा झडते. शेवटी तो नवी प्रणाली निवडतो. प्रूफ मात्र पुढच्या वर्षीही गोळा करतो, न जाणो सरकारचे मन फिरले तर!

सरकारने फिरवले ते कलमांचे आकडे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि ८०सीची तरतूद कलम १२३ मध्ये गेली. वजावटदार अजूनही ‘ऐंशी सी’च म्हणतो, आणि समोरच्याला कळतेही.

त्याच्या हट्टाचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. वजावटीसाठी म्हणून पीपीएफमध्ये दरवर्षी दीड लाख टाकणाऱ्याचे १५ वर्षांत साडेबावीस लाख जातात आणि ७.१ टक्के दराने सुमारे ४० लाख होतात. ते काढताना कोणत्याही प्रणालीत कर नाही. नव्या प्रणालीत बचतीची सक्ती नाही, आणि हातात राहिलेले पैसे सणासुदीच्या सेलमध्ये कुठे गेले याची पावती कोणी फाइलला लावत नाही. तेव्हा दोघे कमावत्या घराने प्रणाली निवडताना दोघांची आकडेमोड वेगवेगळी करावी, कर कमी येईल ती बाजू घ्यावी, आणि बचत कलमात बसते की नाही हे न पाहता चालू ठेवावी. वजावटदाराला यातल्या पहिल्या दोन गोष्टी पटायला पाच वर्षे लागली. तिसरी तो कलमाच्या नादात आधीपासूनच करत होता.