पुढे बाई आहे वाटतं!

पुढची गाडी सिग्नल पिवळा होताच थांबली किंवा वळताना जरा घुटमळली, की मागच्या गाडीतून ठरलेलं वाक्य येतं: पुढे बाई आहे वाटतं! ओव्हरटेक करताना मान वळवून खात्रीही केली जाते. बाई निघाली तर सिद्धान्त पक्का. पुरुष निघाला तर फोनवर असेल, नवीन गाडी असेल, वयस्कर असेल. त्याची चूक त्याच्या एकट्याची. तिची चूक समस्त बायकांच्या नावावर. स्कूटीवरून पडणाऱ्या मुलींचे व्हिडिओ 'पापा की परी' म्हणून घरोघरी फिरतात आणि माणसं घरातल्याच मुलीसमोर ते बघून हसतात. या हसण्याची मला चीड येते, कारण रस्त्यावर माणसं कशाने मरतात हे सरकार दरवर्षी छापतं आणि त्यात या हशाला कुठेही आधार सापडत नाही.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलंय अतिवेग. मेलेल्या शंभरांतले पंच्याऐंशीच्या आसपास पुरुष. पार्किंगमध्ये तीनदा मागेपुढे केल्याने बंपरला ओरखडा येतो, मागच्याची दोन मिनिटं जातात. जीव जातो तो वेगाने. आणि आपण हसतो कुणाला, तर ओरखडा काढणारीला.

पुरुष गाड्या जास्त चालवतात म्हणून जास्त मरतात, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे स्टिअरिंगमागे बाई अजून कमीच दिसते, तेव्हा नुसती मृतांची संख्या मोजून भागत नाही. हिशेब दर किलोमीटरमागे हवा. इंग्लंडमध्ये तो झालेला आहे. रेचल आल्ड्रेड आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१५ या काळातली आकडेवारी तपासून २०२० साली निष्कर्ष मांडले. तेवढ्याच अंतरात पुरुष चालवत असलेल्या मोटारीपासून किंवा व्हॅनपासून रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाला असलेला धोका बाई चालवत असताना असतो त्याच्या दुप्पट. ट्रकचा चौपट. मोटारसायकलचा दहापटीहून अधिक. तिथले रस्ते वेगळे, शिस्त वेगळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सोलापूर रोडला लावता येणार नाहीत. पण 'बायकांना गाडी येत नाही' म्हणणाऱ्यांनी आपल्या बाजूने असा एखादा तरी हिशेब दाखवावा.

युरोपातल्या विमा कंपन्यांनी तर हा हिशेब पैशांत मांडला होता. तरुण मुलींना मोटारीचा विमा तरुण मुलांपेक्षा स्वस्त पडायचा. २०११ साली युरोपीय न्यायालयाने ही तफावत रद्द ठरवली आणि डिसेंबर २०१२ पासून ती बंद झाली. बंद झाली ती समान वागणुकीच्या तत्त्वावर. मुलींचे अपघात वाढले म्हणून नव्हे.

पुरुषाच्या हातातच जन्मजात खोट आहे, असं मी मानत नाही. खोट आपल्या कौतुकात आहे. दहावीतल्या पोराने लायसन्स नसताना बापाची बाइक काढली की 'हात साफ आहे हं त्याचा' म्हणून पाहुण्यांना सांगितलं जातं. पुणे-मुंबई दोन तासांत 'मारल्याची' गोष्ट लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगितली जाते आणि ऐकणारे माना डोलावतात. दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवणारा, वळणावर मागे राहणारा माणूस त्या पंगतीत सांगण्यासारखं काहीच करत नाही. जे जीव वाचवतं त्याला आपण भित्रेपणा म्हणतो, आणि बायका ते करताना दिसल्या की तो भित्रेपणा बायकांचा ठरतो.

काही बायका घुटमळतात, हे खरं आहे. पाय जमिनीला घासत स्कूटर थांबवणाऱ्याही दिसतात. त्यांना शिकवलं कुणी आणि किती? भावाने एका रविवारी मैदानात चार फेऱ्या मारून घेतल्या, आरटीओत आठचा आकडा काढला, झालं शिक्षण. पुढे गाडी दूध, शाळा, भाजी एवढ्यापुरती तिची. गावाला जायचं म्हटलं की चावी नवऱ्याकडे. घाट आला, पाऊस आला, रात्र झाली की तू हो बाजूला. सराव मिळू द्यायचा नाही आणि सराव नाही म्हणून हसायचं, हा अन्याय आहे. ज्यांना सराव मिळाला त्यांचं काय झालं तेही पाहा. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ मध्ये रेल्वेच्या इंजिनात चढल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून बोरघाट उतरवून मुंबईला नेली आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत. तो घाट त्यांच्या हातून घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

हे सगळं मी नुसत्या विनोदावर रागावून लिहीत नाही. विनोदाचं नुकसान फार प्रत्यक्ष आहे. गाडीत शेजारी बसलेली बाई 'जरा हळू घ्या ना' म्हणते, तेव्हा तिला उत्तर मिळतं, 'तुला गाडीतलं काय कळतं?' वर्षानुवर्षं केलेल्या थट्टेने तिचा बोलण्याचा अधिकार आधीच काढून घेतलेला असतो. त्या गाडीत वेग कमी करा म्हणणारं दुसरं कुणी नसतं. दुचाकीवर तर तिचा आवाज वाऱ्यात पुढेही पोचत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीवर मेली, त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. मागच्या सीटवर आपण कुणाला बसवतो? आईला, बायकोला, बहिणीला, लेकराला. हेल्मेट घरात एकच असतं आणि ते चालवणाऱ्याचं असतं. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने सक्तीचं आहे. तरी दुकानात दुसरं हेल्मेट घ्यायचा विषय निघाला, की 'तुला कशाला, मी चालवतोय ना' हेच ऐकू येतं.