कमानवाले भाऊ

मैदानावर चार माणसं एकमेकांशी बोलत असतील आणि पाचवा आभाळाकडे बघत उभा असेल, तर तो शेतकरी तरी असतो, नाहीतर फुग्यांच्या कमानी उभारणारा. शेतकऱ्याला निदान पाऊस हवा असतो. भाऊंना पाऊस नको, वारा नको आणि ऊनही बेताचंच. तरी हॉलमधली कामं ते घेत नाहीत. ‘हॉलात काय, कुणीपण फुगे लावतं,’ म्हणतात.

भाऊंच्या तर्जनीवर गाठी मारून मारून रबराचा कायमचा वळ पडलेला असतो. कमरेला कात्री, खिशात तंगुसाचं रीळ आणि तोंडात ‘टेन्शन नाही साहेब’. छोट्या हत्तीत सिलिंडर दोरीनं करकचून बांधलेले, आणि त्यांच्या शेजारी भोक पाडलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं. हे खोकं भाऊंचं सर्वांत मौल्यवान यंत्र. प्रत्येक फुगा त्या भोकातून जायला हवा. अडकला तर हवा सोडायची, सैल गेला तर भरायची. त्यामुळे सगळे फुगे एका मापाचे होतात, आणि एवढी समानता आपल्याकडे दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही.

खांबाचं काम साध्या हवेवर चालतं. दोन फुग्यांची जोडी, दोन जोड्यांना पीळ देऊन चौकडी, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेल्या पाइपावर चौकडीवर चौकडी. क्रम चुकला नाही तर रंगाचा पट्टा गोल फिरत वर चढतो. पोऱ्यानं एक चौकडी उलटी बसवली की पट्टा तिथेच मोडतो. पाहुण्यांना ते जन्मात दिसत नाही. भाऊंना रस्त्यापलीकडच्या टपरीवरून दिसतं. अर्धा चहा टाकून ते येतात आणि एक शब्द न बोलता वरचे सगळे थर उतरवतात. ते न बोलणंच पोऱ्याला जास्त लागतं.

पण खरा जीव मोकळ्या कमानीत. दोन टोकं जमिनीला बांधलेली, मध्ये तंगुसाला ओवलेले फुगे, आणि सगळा डोलारा हेलियमच्या भरवशावर. मोठ्या सिलिंडरमध्ये सातेक घनमीटर गॅस. हिशेबानं अकरा इंची पाचशे फुगे, आणि फुटलेले, निसटलेले, कार्यकर्त्यांच्या पोरांनी नेलेले वजा जाता चारशे. एक फुगा भरून भरून दहा ग्रॅम उचलतो. भाऊ सराफी भाषेत सांगतात : एक फुगा, एक तोळा. मग कुणीतरी म्हणतं, ‘मधोमध साहेबांचा फ्लेक्स टांगू.’ फ्लेक्स किलोभर भरतो. ‘म्हणजे साहेब शंभर तोळे झाले. शंभर फुगे जास्तीचे लागतील,’ भाऊ गंभीरपणे सांगतात. कार्यकर्त्याला तो आकडा साहेबांच्या मानानं कमीच वाटतो.

‘त्यापेक्षा साधा गॅस भरा ना, स्वस्तात होईल,’ असंही सुचवलं जातं. साधा म्हणजे हायड्रोजन. तो हेलियमपेक्षा थोडं जास्तच उचलतो, आणि एका ठिणगीनं पेटतो. आपल्याकडे पाहुण्यांचं स्वागत फटाक्यांच्या माळेनं करायची पद्धत आहे. इथे भाऊंचं ‘टेन्शन नाही’ बंद होतं. ‘दुसरा माणूस बघा,’ म्हणून ते चालू लागतात. उरलेल्या पैशांसाठी महिनोन्महिने गप्प थांबणारा हा माणूस एवढ्या एकाच बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

त्यातून भाऊ देवगडकडचे निघाले तर बघायलाच नको. ‘हेलियम आमच्या किल्ल्यार गावलो,’ इथून सुरुवात. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण, विजयदुर्ग, आणि ग्रहण बघायला बांधलेले म्हणून किल्ल्यावर अजून दाखवतात ते ‘साहेबांचे ओटे’. जान्सन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ त्या दिवशी गुंटूरला होता आणि ज्यांच्या नावानं ही गोष्ट सांगतात ते लॉक्यर साहेब इंग्लंडात. लॉक्यरनी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरात, तीही तिकडूनच, असं सांगून बघा. नोझलवरचा फुगा न सोडता भाऊ विचारतील, ‘मगे ओटे कोणी बांधले?’

सूर्यात सापडलेल्या या गॅसचं उन्हाशी मात्र पटत नाही. तो तापला की पसरतो, म्हणून भाऊ उन्हातले फुगे किंचित कमीच भरतात. तरी गडद रंगाचे आधी फुटतात, बाकीच्यांची चकाकी जाऊन ते दुधाळ दिसू लागतात. तेव्हा सगळं शास्त्र शेवटी एका प्रश्नाशी येऊन थांबतं : पाहुणे खरोखर कधी येणार? पत्रिकेतली वेळ भाऊ वाचतच नाहीत. नगरसेवक तासभर, आमदार दोन तास, मंत्री असतील तर पोलिसांच्या शिट्ट्या ऐकू आल्यावर गॅस सोडायचा. सिनेमातली नटी वेळेवर येते, कारण तिचा हिशेब तासावर असतो. भाऊंची झोप उडते ती मॅरेथॉनला. पहाटे साडेपाच म्हणजे ती माणसं साडेपाचलाच पळतात.

रंगांचा ताप वेगळाच. पाकिटावर ‘ऑरेंज’ छापलेला फुगा उन्हात धरून कार्यकर्ता म्हणतो, ‘भाऊ, हा भगवा नाही, ही संत्री आहे.’ युतीचा मेळावा असला तर कुणाचा रंग वर यावरून कमानीखालीच बैठक बसते. त्यावर भाऊंनी फिरता पट्टा शोधून काढला आहे. ‘गोल फिरतो साहेब. प्रत्येकजण वर जातो, प्रत्येकजण खाली येतो.’ नाराजी मिटते, निदान कार्यक्रमापुरती.

एवढ्यात फोन वाजतो. रविवारी साहेबांचा वाढदिवस. भव्य कमान, शिवाय सहा खांब.

‘किती वाजता?’

‘दहाला शार्प.’

भाऊ पोऱ्याला खूण करतात : गॅस साडेबाराला. मग फोनवर विचारतात, ‘रंग कोणता?’

पलीकडे थोडी कुजबुज होते. ‘रंग शनिवारी रात्री सांगतो. बैठक चालू आहे.’

‘टेन्शन नाही,’ भाऊ म्हणतात, आणि सगळ्या रंगांची पाकिटं टेम्पोत टाकायला सांगतात.