कॅबिनेटच्या छताविषयी खुलासा

स्टुटगार्ट

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संगणकाचे पत्र्याचे खोके, ज्यास बाजारात कॅबिनेट म्हणतात, त्याचे छत कापून आत पाणी सोडल्याची जी अर्धवट बातमी नातीने फोनवर दिली आणि जिच्यामुळे कोल्हापुरात काळजी पसरली, तिचा खुलासा करणे हे प्रस्तुत पत्राचे प्रयोजन होय. पाणी संगणकात सोडलेले नसून नळ्यांत कोंडलेले आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

आकडेमोड करणारी प्रोसेसर नावाची चिप तापते. तिच्यावर घट्ट बसवलेल्या पंपाच्या तांब्याच्या तळातून ती उष्णता द्रवात उतरते आणि तो द्रव नळीवाटे रेडिएटरमध्ये, म्हणजे बारीक नळ्या व पातळ पत्र्यांच्या चुण्या असलेल्या चपट्या जाळीत जाऊन पंख्यांच्या वाऱ्याने निवतो. न्हाणीघरातल्या बंबात विस्तवाची उष्णता पाणी घेते. येथे पाणी आपली उष्णता हवेला देते, एवढाच फरक.

अडचण जागेची होती. रेडिएटरची जाडी 27 मिलिमीटर व पंख्यांची 25, असे 52 मिलिमीटर जुन्या कॅबिनेटच्या छताखाली मावणे शक्यच नव्हते. नवे कॅबिनेट घ्यावे, असे सूनबाईंनी सुचवले होते. तथापि धडधाकट पत्रा टाकून देणे चिरंजिवांच्या संस्कारांत बसत नाही (हे संस्कार कोणाचे, हे बाबांना सांगणे नलगे). म्हणून रेडिएटर छतावर, बाहेर बसवण्याचे ठरले. परंतु हा संच कारखान्यातच भरून बंद केलेला असल्याने नळ्या सोडवता येत नाहीत. तेव्हा वाऱ्यासाठी पाडायची खिडकी पंप सगळाच्या सगळा आत जाईल एवढी मोठी हवी, हे कापण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे लागले.

कापण्याचे काम अर्थातच सूनबाईंनी केले व चिरंजिवांनी देखरेख केली. आतील सर्व भाग आधी काढून ठेवण्यात आले, कारण लोखंडाचा एखादा कीस मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, राहिल्यास वीज भलत्या वाटेने जाते. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आखणी झाली. 120 मिलिमीटरच्या पंख्याची स्क्रूची छिद्रे एकमेकांपासून 105 मिलिमीटरवर असतात आणि त्यात चूक खपत नाही. करवतीने सोडलेली धारदार कोर कानशीने घासून तिच्यावर रबरी पट्टी चढवली, अन्यथा नळी घासून चिरली असती. स्क्रूही आखूडच निवडावे लागतात. लांब स्क्रू थेट रेडिएटरची नळी भोसकतो.

हे सर्व शनिवारीच उरकावे लागले. 1919 च्या वायमार राज्यघटनेने रविवारच्या विश्रांतीला दिलेले संरक्षण 1949 च्या जर्मन मूलभूत कायद्याने 140 व्या कलमाद्वारे कायम ठेवले असून, त्याचे सर्वांत दक्ष भाष्यकार खालच्या मजल्यावर राहतात.

पाणी रोज बदलावे लागते का, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. या द्रवात गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात, कारण तांबे व अ‍ॅल्युमिनियम साध्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. सबब पंचगंगेचे तीर्थ कृपया पाठवू नये. लोणचे पाठवण्यास मात्र तांत्रिक हरकत नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली आज्ञांकित,
स्टुटगार्टची मंडळी