एक जूनपासून

महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली. गावं निराळी, ऋतू निराळे, पण तारीख तीच. त्या काळी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला टेकला की पोर पहिलीत बसायला लायक झालं असं मास्तर धरून चालत. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून जन्मतारखेच्या रकान्यात १ जून टाकून ते मोकळे होत. आमच्या भाऊसाहेबांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९६८ अशी आहे. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. त्यांची आई शेवटपर्यंत सांगायची की त्या पहाटे हा रांगत रांगत ओटीवरून अंगणात निघाला होता, त्याला धरायला म्हणून सगळी बाहेर धावली. म्हणजे शासनाच्या लेखी जन्माला येण्याआधी सहा महिने भाऊसाहेब चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत रांगत होते. ज्याला जन्मालाच वर्षभराची मुदतवाढ मिळाली, तो माणूस पुढे आशावादी झाला नाही तरच नवल.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. सरकारी कार्यालयात ज्याच्या टेबलावर आपला कागद अडलेला असतो, त्याला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे रीत आहे. लिपिकाचे ते अधीक्षक झाले, पण हाक तीच राहिली. असे भाऊसाहेब तुमच्याही सोसायटीत असतील, कदाचित घरातही असतील. ओळखायची खूण सोपी आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली की हा माणूस एकाएकी तजेलदार दिसू लागतो. त्याच्या खिशात एक डायरी येते. आणि कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर तयार असतं, 'एक जूनपासून.'

भाऊसाहेब, पोट जरा सुटलंय. एक जूनपासून रोज पर्वती. भाऊसाहेब, दाढ दुखते म्हणता, दाखवलीत का? एक जूननंतर निवांत दाखवू. कपाटावरची ज्ञानेश्वरी उतरवायचीय, नऊ हजार ओव्या, रोज पंचवीस म्हटल्या तरी वर्षात आटपते, पण सुरुवात एक जूनला. अलीकडे माझी खात्री होत चालली आहे की त्या दिवशी त्यांच्या घरात कुणी दुसराच माणूस राहायला येणार आहे. तो पहाटे पाचला उठतो. त्याला गोड आवडत नाही. त्याचे गुडघे शाबूत आहेत, तो संस्कृत शिकतो, बायकोला स्वयंपाकात मदत करतो आणि टीव्हीवरच्या चर्चा बघत नाही. भाऊसाहेबांनी आयुष्यभराची सगळी प्रलंबित प्रकरणं या माणसाकडे वर्ग केली आहेत. त्या बिचाऱ्याला अजून रुजू व्हायचं आहे आणि त्याच्या टेबलावर आत्ताच ढीग लागलाय.

ढिगात सगळ्यांत वर आहे आंबा. कोकणातून पुण्यात आलेल्या प्रत्येक भाऊसाहेबाच्या डोक्यात एक हापूसची बाग असते आणि ती दरवर्षी मोहरते. आमच्या भाऊसाहेबांनी तर शासकीय योजनाही शोधून काढली. योजनेचं नाव भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. 'नावसुद्धा आपलंच आहे,' ते म्हणाले, जणू २०१८ साली मंत्रिमंडळाने त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवलं होतं. अनुदान तीन वर्षांत पन्नास, तीस, वीस टक्के असं मिळतं, कलमं दहा बाय दहा मीटरवर लावायची, हेक्टरी शंभर झाडं, पाचव्या-सहाव्या वर्षापासून फळ. हे सगळं त्यांना पाठ आहे. मी सातबारा मागितला. सामायिक निघाला. चुलते, चुलतभाऊ, त्यांची मुंबईतली मुलं आणि मस्कतला असलेली एक आतेबहीण मिळून एकोणीस नावं. भाऊसाहेबांच्या वाट्याला तीन गुंठे.

एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. दहा बाय दहाच्या हिशेबात एका गुंठ्यात एक झाड बसतं. म्हणजे ही जी बाग गेली दोन वर्षं आमच्या गप्पांत डोलते आहे, ती तीन झाडांची आहे. शिवाय कोकणात या योजनेसाठी किमान दहा गुंठे लागतात, आणि सामायिक खातं असेल तर बाकी सगळ्यांची संमती. दुसरा कुणी इथे डायरी मिटवून बसला असता. भाऊसाहेबांनी पेन काढलं, दहातून तीन वजा केले आणि म्हणाले, 'सातच कमी पडतायत. गणपतीत सगळे एकत्र येतात, तेव्हा विषय काढतो.' ज्या घराण्यात आजीच्या पाटल्यांचा विषय १९८४ सालच्या गणपतीत निघाला आणि अजून मिटलेला नाही, त्या घराण्याबद्दल ते हे बोलत होते.

हार्मोनियमचं तसं नाही. हार्मोनियम घरात आलेली आहे, आणि ते काय प्रकरण आहे हे शेजारच्या जोशीकाकूंना विचारा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची त्यांची इच्छा आहे. क्लासमध्ये त्यांच्या बरोबर बसतात ती आठ-आठ वर्षांची मुलं. बाई विचारतात, भूपचे वर्ज्य स्वर कुठले? पोरं एका दमात म ​आणि नी सांगून टाकतात. भाऊसाहेब आधी विचारतात की हे परिपत्रकात कुठे नमूद आहे. तरीही त्यांचं तिथे बरं चाललंय. एक पोरगी त्यांना घरचा अभ्यास दाखवते आणि ते तिची तालाची वही तपासून खाली बारीक सही करतात.

आत्मचरित्र तर प्रत्येक भाऊसाहेबाच्या पोटात असतंच. यांच्याचं नाव ठरलंय, 'आवक-जावक'. पहिलं पान मला वाचायला मिळालं. वर डाव्या बाजूला लिहिलं होतं, विषय : माझा जन्म. त्याखाली, संदर्भ : शाळा सोडल्याचा दाखला. मग मजकूर, 'उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की...' मी हसलो तर ते गोंधळले. चौतीस वर्षं माणूस ज्या भाषेत जगला, त्याच भाषेत आठवणार ना? खरं सांगायचं तर ते एक पान मला पुष्कळ छापील आत्मचरित्रांपेक्षा प्रामाणिक वाटलं. निदान संदर्भ तरी दिला होता.

नर्मदा परिक्रमेचं फार सांगत नाही. हल्ली मराठी माणूस निवृत्त झाला की नर्मदेला जातोच, आणि आला की पुस्तक लिहितो. शास्त्राप्रमाणे पायी परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. भाऊसाहेबांनी अर्जित रजेच्या शिल्लक खात्यात हे कसं बसलं असतं याचा एकदा हिशेब करून पाहिला. सेवेत तीनशे दिवसांपलीकडे रजा साठत नाही, एवढं त्यातून निघालं.

या सगळ्या योजनांत एका व्यक्तीचं मत कुणीच घेतलेलं नव्हतं. वहिनींचं. ते मी सहज विचारलं, तेव्हा त्या कणीक मळत होत्या. 'दुपारी दोन ते चार हॉल माझा,' त्या म्हणाल्या, 'मंगळवारी भिशी, शुक्रवारी भजन. त्या वेळात यांनी आंब्याला जावं, नर्मदेला जावं, कुठंही जावं.' मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून वहिनी अक्कलकोट, गाणगापूर, कोल्हापूर, शेगाव सगळं मैत्रिणींबरोबर उरकून आल्या. कुठली डायरी नाही, कुठलं उद्दिष्ट नाही. पुरुषाला अर्धं तिकीट पासष्टीनंतर आणि पंच्याहत्तरीनंतर फुकट. 'अहो, तुम्ही यायचंत तर पूर्ण तिकीट पडतं,' असं वहिनी त्यांना समजावत होत्या. भाऊसाहेब दाखल्यावरचं वय मोजून म्हणाले, 'सातच वर्षं. मग तुझ्या बरोबरीला येतो की नाही बघ.'

आता जरा पैशाकडे येऊ, कारण या आशावादाचा पाया तिथे आहे आणि तो चांगला दगडी आहे. भाऊसाहेब नोकरीला लागले १९९२ साली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, यांना आहे. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, शिवाय उपदान आणि रजेचे पैसे. पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी घेता येतो, त्याला अंशराशीकरण म्हणतात, आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. दुसरा कुणी यात कपात बघेल. भाऊसाहेब म्हणतात, 'त्र्याहत्तराव्या वर्षी मला पगारवाढ आहे!' ऐंशीपासून पुढे वयाबरोबर पेन्शन टप्प्याटप्प्याने वाढते, ते टप्पेही डायरीत लाल शाईने आहेत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि निवृत्त झालेल्याला साठीची वाट बघावी लागत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षीच ज्येष्ठ व्हायला मिळतं याचा त्यांना कोण आनंद!

त्यांच्या समोरच्या टेबलावरचा मुलगा २०११ साली लागला. त्याचा पैसा बाजारात. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा ज्यांना ती आधीच लागू आहे त्या भाऊसाहेबांचा आवाज मोर्चात सगळ्यांत मोठा होता. मुलगा मला कँटीनमध्ये म्हणाला, 'साहेब, आशावादी व्हायला हरकत नाही हो, पण आधी मूळ पगाराचे पन्नास टक्के द्या.' चहाचे पैसेही त्यानेच दिले. मला त्याचं बोलणं पटलं, आणि भाऊसाहेबांना ते सांगायचा धीर मात्र झाला नाही.

धीर न व्हायचं कारण असं की तेव्हा ते थोडे अडचणीत होते. पेन्शनचे कागद दोन वर्षं आधीपासून जुळवायचे असतात. नवराबायकोचा एकत्र फोटो काढून झाला (तीन वेळा, कारण वहिनी हसत होत्या), ना-देय प्रमाणपत्र आलं, ना-चौकशी आलं. मग सेवापुस्तक वेतन पडताळणीला गेलं आणि परत आलं. एका जुन्या वेतननिश्चितीत एक वेतनवाढ एक महिना आधी दिलेली, सबब वसुली. आणि एका पानावर सहीच नाही. चौतीस वर्षं लोकांच्या फायली 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' असा शेरा मारून भाऊसाहेबांनी परत पाठवल्या, आणि आता तोच शेरा, तेच शब्द, त्यांच्या सेवापुस्तकावर. मला वाटलं आता खचले. ते शेऱ्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, 'मसुदा चांगला आहे. माझ्या हाताखाली शिकलेला दिसतोय.' आणि सही आणायला ते स्वतः निघाले. ज्या साहेबांची सही राहिली होती ते निवृत्त होऊन सोळा वर्षं झालेली. साहेब घरी झोपाळ्यावर बसले होते, दारात नर्सरीतून आणलेली दोन कलमं पिशवीतच वाळलेली, आणि कोपऱ्यात तबला-डग्गा, वर गवसणी. भाऊसाहेबांनी हे सगळं पाहिलं. परत आल्यावर मला म्हणाले, 'साहेबांचं नियोजन चुकलं. ते ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. लागवडीला जून लागतो.'

निरोपसमारंभाची तयारीही त्यांनी स्वतःच हाती घेतली. एकतर १ जूनवाले बरेच, तारखेची पंचाईत. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला कार्यालयातल्या तिघांना एकदम शाल-श्रीफळ. त्यात २०२६ चा ३१ मे रविवारी आला, आणि २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. म्हणजे समारंभ शुक्रवारी २९ तारखेला, आणि नोकरीचे शेवटचे दोन दिवस सुट्टीत. भाऊसाहेबांना हे लागलं. वसुली लागली नव्हती, तीन गुंठे लागले नव्हते, पण शेवटच्या दिवशी हजेरीवर सही करता येणार नाही हे लागलं. माणसाचा शेवटचा दिवस असा रविवारी जावा का, असं ते दोनदा म्हणाले.

अशात एका दुपारी ती बातमी फिरली. ती दरवर्षी फिरते, मोहोर आला की येणाऱ्या अवकाळीसारखी. केंद्राप्रमाणे राज्यातही निवृत्तीचं वय साठ होणार, फाइल वर गेली आहे, कुणाच्या तरी साडूने मंत्रालयात प्रत्यक्ष पाहिली आहे. समोरच्या टेबलावरचा मुलगा पांढरा पडला, कारण भाऊसाहेब उठले नाहीत तर त्याची बढती हलत नाही. मी भाऊसाहेबांकडे धास्तीने पाहिलं. पर्वती, ज्ञानेश्वरी, दाढ, परिक्रमा, सगळंच दोन वर्षं पुढे जाणार.

भाऊसाहेबांचा चेहरा तर उजळला होता. 'दोन वर्षं!' ते म्हणाले. 'दोन वर्षं तयारीला आणखी! प्रारंभिक नोकरीत असतानाच होऊन जाईल. तोवर दोन गणपती येतात, सात गुंठे म्हणजे काय मोठं नाही.' डायरी उघडून ते बोटांवर काहीतरी मोजू लागले, मध्येच लीप वर्ष धरायचं राहिलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि मग मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, '२०२८ चा ३१ मे बुधवारी येतो रे. हॉल आत्ताच सांगून ठेव.'