एसी चालू, गाडी थरथर

आमच्या गाडीचा एसी उत्तम चालतो. फक्त तो चालू असताना गाडीच चालू राहायला फारशी राजी नसते. रस्त्यावर पळताना काही तक्रार नाही. पण मे महिन्यात सौंसरच्या बाजारात बैलबंडीमागे किंवा शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला निघालेल्या गर्दीत थांबावं लागलं, की बॉनेटखाली 'टक्' असा आवाज होतो, रेसचा काटा खाली घसरतो आणि स्टिअरिंगपासून डॅशबोर्डवरच्या गणपतीपर्यंत सगळेच थरथरू लागतात. मागे बसलेल्या सासूबाई विचारतात, "जावईबापू, हिच्या अंगात आलं का जी?"

आमच्याकडे गाडीचं निदान फुकट मिळतं, आणि जो तो ते आपापल्या धंद्यातून काढतो. संत्र्याची बाग असलेल्या शेजाऱ्याने इंजिनाच्या बुडाशी ऑइलचा ओघळ पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, "डिंक्या आहे भाऊ. बोर्डो पेस्ट लावून पाहा." किराणावाल्याला पेट्रोलमध्ये भेसळ दिसली. निवृत्त तलाठ्यांचं म्हणणं वेगळंच: २०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यापासून वेगळा झाला, गाडीवर मात्र अजून छिंदवाड्याचा एमपी-२८, वाटणी झाल्याचा धक्का तिने मनाला लावून घेतला असावा. नागपूरच्या साडूंनी गाडीकडे न बघताच निकाल दिला, "विकून टाका."

मिस्त्रींकडे गेलो तर तिथे दोन पक्ष. एसीवाला म्हणाला, "गॅस बराबर आहे, कूलिंग मस्त आहे. इंजिनवाल्याले दाखवा." इंजिनवाला म्हणाला, "एसी बंद केला का गाडी मक्खन चालते. एसीवाल्याले दाखवा, नवा कॉम्प्रेसर टाकाले सांगा." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव उभं असतं, तशी ही दोघांची झुंज. नदीच्या जागी मी.

खरं म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते. आमच्यासारख्या पेट्रोल गाडीच्या एसीला स्वतःची मोटर नसते. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. तो 'टक्' आवाज म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच चिकटल्याचा. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ७००-८०० फेरे मारत जेमतेम स्वतःपुरतं कमावत असतं. तेवढ्यात हा बोजा अंगावर येतो. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर लगेच थोडी जास्त हवा आणि पेट्रोल सोडून रेस सावरतो. हवेची वाटच काजळीने बुजली असेल, तर कॉम्प्युटरचा हुकूम निघतो, पण हवा पुरेशी पोचत नाही.

१९४० च्या पॅकार्ड मोटारीत तर हा क्लचही नव्हता. अमेरिकेत कंपनीकडूनच एसी बसवून मिळणारी ती पहिली मोटार. एसी बंद ठेवायचा, तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून हाताने पट्टा उतरवावा लागे. आपण बटण दाबूनही कुरकुरतो.

शेवटी पांढुर्ण्यात एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, "गुरुजी, पयले काटा पाहा. काटा पडून थरथरते, तर हवा नाहीतर प्लग-कॉइल. काटा जागचा हालत नाही अन् तरी थरथरते, तर माउंटिंगचं रबर गेलं." मग एसीचं बटण बंद ठेवून नुसता पंखा जोरात लावायला सांगितला, हेडलाइट लावायला सांगितले. तेवढ्यानेही काटा पडला असता, तर अल्टरनेटर आणि बॅटरीकडे पाहावं लागलं असतं. पडला नाही. पुढे जाळीमागचा कंडेन्सर पाहिला. त्यात बागेची धूळ आणि पाचोळा होता. तो तुंबला किंवा त्याचा पंखा फिरला नाही, तर गॅसचा दाब वाढतो आणि इंजिनावरचा बोजाही. तो पाण्याने धुतला. मग थ्रॉटल बॉडी उघडली. आतली झडप चुलीवरच्या तव्याइतकी काळी! "बोटानं ढकलू नका, नाजूक असते," असा दम मला देऊन त्यांनी स्प्रे आणि फडक्याने ती पुसली, कॉम्प्युटरला नवी आयडल शिकवली आणि एसी लावला. 'टक्' झालं, काटा किंचित दचकला, उलट थोडा वर चढला आणि तिथेच स्थिरावला.

बिल पाहून इंजिनवाल्याने आधी सुचवलेला नवा कॉम्प्रेसर आठवला. तेव्हा वाचकहो, गार करणाऱ्या एसीत उगाच गॅस भरू नका. आधी काटा, मग कंडेन्सर, थ्रॉटल, प्लग आणि माउंटिंग. फुकटापासून महागाकडे असं चला. बॉनेट उघडण्याआधीच जो मिस्त्री कॉम्प्रेसर बदलायचं बोलतो, त्याला लांबूनच रामराम करा.