‘सर, आमच्या कढीपत्त्याचं काय?’

पुण्यात रविवारी सकाळी माणसं घड्याळ पाहून पोचतात अशा जागा थोड्या. गच्चीवरच्या बागेची कार्यशाळा ही त्यांतली एक. वर्गात निम्मे नुकतेच निवृत्त झालेले, उरलेल्यांना निवृत्तीचे डोहाळे लागलेले. मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो कमी, पिवळ्या पडलेल्या पानांचे जास्त. सर फळ्यावर ‘माती’ एवढंच लिहितात, तोच मागून हात वर: ‘सर, आमच्या कढीपत्त्याचं काय?’

शिकायला इथे कुणी आलेलंच नसतं. प्रत्येकाला आपल्या झाडापुरता डॉक्टर हवा असतो. सर बिचारे स्लॅबवर मातीचं ओझं का नको, त्याऐवजी पालापाचोळा आणि रसवंतीवरची उसाची चिपाडं का भरायची, ते सांगत असतात. ओघात शेतीतले प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं नाव निघतं. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते हे ऐकताच पहिल्या रांगेतल्या गणिताच्या निवृत्त बाई सावरून बसतात.

जीवामृत या द्रवखताचा विषय आला की बाईंना कामच मिळतं. हिशेब असतो एकराचा: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ‘आमच्या चार कुंड्यांना किती?’ या प्रश्नावर बाई वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडतात आणि उत्तर चमच्यांत आणतात. तेवढ्यात एक काकू कळवळतात, ‘अहो, 2 किलो बेसनात आमच्याकडे दिवाळीचे लाडू होतात!’ यावर कृषिशास्त्राकडे उत्तर नाही. ते मिश्रण गच्चीत ढवळल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काय म्हणतील, यावर तर सरांकडेही नाही.

मग छाटणी. मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरता सरता तो छाटायचा, असं म्हणत सर कुणीतरी कौतुकानं आणलेल्या कुंडीवर सिकेटर चालवतात. पहिली फांदी पडते तेव्हा वर्गात ‘अगं बाई!’ होतं. मालकीणबाई तोंड फिरवतात. पडलेल्या काड्या मात्र क्षणात नाहीशा होतात. त्या कुणाच्या पिशव्यांत गेल्या ते विचारायचं नसतं. मागून आणलेल्या फांदीपेक्षा न विचारता आणलेली हमखास लागते, यावर वर्गाची अढळ श्रद्धा आहे.

खरी जुंपते ती पाण्यावरून. मुळांनाही हवा लागते, दोन पेरं बोट मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी घालू नका, एवढंच सर सांगतात. एक आजोबा उठतात: ‘आणि तुळस? आमच्याकडे रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी असतं.’ घरात अंघोळी करणारे सहाजण. म्हणजे भर पावसाळ्यातही रोज सहा तांबे! ‘नमस्कार सहाही जणांनी करा,’ सर म्हणतात, ‘पाणी माती सुकल्यावर एकानंच घाला.’ आजोबांना हे पटत नाही. मला तरी वाटतं, आपल्याकडे कुंडीतली झाडं उपाशी कमी आणि लाडानंच जास्त मरतात.

तरी अशा वर्गाला जरूर जा. नवीन ओळखी होतात, मिरचीचं एखादं रोप फुकट मिळतं, चहा बरा असतो. फक्त जाण्याआधी कुंडी उचलून तिच्या बुडाला भोक आहे का, तेवढं बघा. निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच असतं.